तुषारच्या गुडघ्याचा अर्ज

तक्रारदार : प्रस्तुत लेखक, व्यवसाय अर्जलेखन, बैठक अलिबाग येथील कचेरीच्या कुंपणालगत. संबंधित इसम : तुषार, राहणार दिवेआगर, व्यवसाय बास्केटबॉल, पगारी. साक्षीदार : तुषारच्या मातोश्री. घटनेचा काळ : गेल्या गणपतीच्या आधीचा आठवडा.

सदर तुषार मुंबईच्या एका क्लबकडून खेळत असे. त्याचे काम रिबाउंडचे, म्हणजे बास्केटला आपटून परतलेला चेंडू इतरांच्या आधी हवेत धरण्याचे. एकदा तो खाली वाकडा पडला व गुडघ्याचे लिगामेंट तुटले. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी फिट असल्याचे सर्टिफिकेट दिले. तरी क्लब नवा करार करीना. तुषारचे मागणे इतकेच, की एक ट्रायल घ्यावी, म्हणजे खेळवून पाहावे. वय तिशीला टेकलेले. हा हंगाम हुकला तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हते.

तो स्वतः ईमेल करणार होता. मातोश्रींनी त्याला माझ्यापुढे आणून बसवले.

"वादळात सुपारीची वाडी झोपली तवा ह्या भाऊंच्याच अर्जानं भरपाई आली हाय. तुझ्या मोबाइलला कोण इचारतो?"

सामान्य वाचकांसाठी सांगतो. अर्जात हकिकत, दैन्य व विनंती असे भाग असतात. दैन्य म्हणजे अर्जदाराची करुण अवस्था. तिच्याशिवाय साहेबांचे पेन हलत नाही, हा माझा अनुभव आहे. सबब मी लिहिले : "अर्जदारास आधाराशिवाय उभे राहणेही अशक्य झाले असून तो कुटुंबावर भार होऊन पडला आहे."

तुषार कागद वाचू लागला.

"डॉक्टरनं सुई टोचली, ती आधी वाचून बघितलीस?" मी विचारले.

"न्हाय काका, पण..."

"कर सही! लई शहाणा झालायस," मातोश्री म्हणाल्या. त्याने सही केली.

क्लबने त्याला बोलावले. स्पष्टीकरणाची गरज पडेल म्हणून मीही सोबत गेलो. मॅनेजरांनी दोन कागद शेजारी ठेवले.

"सर्टिफिकेट म्हणतं फिट. अर्ज म्हणतो उभं राहवत नाही. खरं काय?"

"सर, मी उभाच आहे की!"

"सही तुझीच ना?"

मी मध्ये पडलो. "साहेब, ती अर्जाची रीत आहे. दैन्य शब्दशः घ्यायचं नसतं."

"मग विनंती तरी का घ्यायची?"

हा प्रश्न माझ्या मते गैरलागू होता.

"सर, बॉल द्या. आत्ता दाखवतो," तुषार म्हणाला.

"आणि पडलास, की हाच कागद घेऊन कोर्टात उभा राहशील. नको रे बाबा."

ट्रायल नाकारली गेली. परतीच्या बोटीत तुषार माझ्यापासून लांब बसला.

सध्या तो गावी सुपारी उतरवतो. पोफळीच्या शेंड्यावर चढून झोका घेतो आणि खाली न उतरता शेजारची पोफळ पकडतो. मी समक्ष पाहिले आहे.

यातून घ्यावयाचा धडा असा, की अर्ज वाचता येणाऱ्यासच अर्ज करावा.

तरी सदर क्लबने माझ्या लेखनशैलीची शिक्षा अर्जदाराच्या गुडघ्यास देऊ नये, एक ट्रायल घ्यावी व तसे लेखी कळवावे. उत्तर थेट तुषारच्या पत्त्यावर धाडावे. माझ्या हातून आलेला कागद आपण उघडणार नाही, असे त्याने मला झाडावरूनच कळविले आहे.