भंतेजींना पाचवं शील

बोईसरच्या विहारात पौर्णिमेला एक बाई यायची. नाव कधी विचारलं नाही. कारखान्यातून दमून आलेली असली, तरी भंतेजींपुढे तीनदा वाकायची. भंतेजी पितात हे सगळ्या वस्तीला ठाऊक. मी वस्तीतला पहिला बी.ए.; मी हात जोडत नसे.

पंचशील ते सांगायचे, आम्ही मागून म्हणायचो. एकदा चौथं सांगून अडखळले. पाचवं दारू न पिण्याचं. त्या बाईनंच ते म्हटलं. "भंतेजी, आता तुमी माज्या मागून बोला." मान खाली घालून ते बोलले.

बाहेर मी चिडलो, "मावशी, असल्या माणसाच्या पाया कशाला पडता?"

चपला घालत ती म्हणाली, "नाय पडले, तर त्याला सांगनार कोन, पोरा?"

पुढच्या पौर्णिमेला भंतेजी पुन्हा पिऊनच आले. मावशी वाकली, मी नाही. पाचवं शील मात्र आम्ही दोघांनी मोठ्यानं म्हटलं, आणि भंतेजी मागून बोलेपर्यंत थांबलो.