कॅल्क्युलेटरचा तास

बर्डीवर, बाजाराच्या भागात, मी निवृत्त माणसांचा कॉम्प्युटर क्लास घेते. घरी आल्यावर नवरा विचारतो, आज काय शिकवलं? ते मला कधीच आठवत नाही. कोण काय बोललं तेवढं आठवतं, आणि त्यातलं निम्मं कॅल्क्युलेटरच्या तासाचं असतं.

रामटेके काका कोराडीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले. स्क्रीनवर गुणाकार करायचे आणि लगेच तोच वहीत करून पाहायचे. मी म्हटलं, काका, कॉम्प्युटर चुकत नाही हो.

"नवा माणूस हाये, मॅडम. सहा महिने त पाहाच लागते ना."

एकदा त्यांच्या स्क्रीनवर चार कॅल्क्युलेटर उघडे दिसले. मला वाटलं, चुकून उघडले असतील. तर एकावर बेरीज, दुसऱ्यावर वजाबाकी, अशी वाटणी केलेली. म्हणाले, पॉवर हाऊसमध्ये एका माणसाले दोन कामं देत नव्हतो आम्ही.

लीलाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी कॉम्प्युटरला मोठा भागाकार दिला. उत्तर झटक्यात आलं, तरी त्या नाराज.

"पायऱ्या कुठी हायेत? मी त अर्धेच मार्क देईन."

मग त्यांनी मुद्दाम शून्यानं भागायला सांगितलं. असं भागता येत नाही, असा मेसेज आला. लीलाताईंचा चेहरा उजळला. तीस वर्षांत एकाही पोरानं हे इतक्या लवकर कबूल केलं नव्हतं म्हणे.

एका सकाळी मी दोन तारखांमधले दिवस मोजायला शिकवलं. सगळ्यांनी आपापली जन्मतारीख टाकली. रामटेके काकू काकांना न्यायला येऊन बसल्या होत्या. त्यांना बोलावलं, तर म्हणाल्या, शाळेत गुरुजीनं लावलेली तारीख खोटी आहे, लग्नाची टाका. ती खरी आहे.

काकांनी टाकली. सतरा हजार एकशे काहीतरी दिवस आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू मात्र आकड्याकडे बघत राहिल्या.

"याच्यातून तुमच्या नाइट शिफ्टा वजा करा."

काका हसले नाहीत. दर महिन्याला किती रात्री, कोणत्या वर्षापर्यंत, सुट्ट्या किती, सगळं आठवून आठवून त्यांनी आकडा काढला. तास संपला, बाकीचे गेले. शेवटी चौदा हजारांच्या जरा खाली उत्तर आलं.

काकूंनी ते वाचलं आणि पिशवी उचलली.

"मंग काही जास्त नाही झाले. चला."