पॅराग्वेत न उभारलेला कारखाना

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका कंपनीत मी क्वालिटी इंजिनिअर होते. आम्ही कॅथेटर, म्हणजे पेशंटच्या शरीरात घालायच्या बारीक नळ्या, बनवायचो. २०२०च्या उन्हाळ्यात कंपनीने पॅराग्वेत कारखाना काढायचं ठरवलं. तिथल्या सरकारने जमीन दिली, करात सूट दिली. लॉकडाऊनमुळे कुणाला तिकडे जाता येईना, म्हणून तिथल्या नव्या टीमला व्हिडिओ कॉलवर शिकवायचं काम माझ्याकडे आलं. हिवाळाभर स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून मी तेच करत होते.

टीमची प्रमुख माझ्याच वयाची. सरकारी हॉस्पिटलातली पक्की नोकरी सोडून, म्हाताऱ्या आईला घेऊन ती कारखान्याच्या गावी राहायला आली होती. शिकवलेलं दुसऱ्या दिवशी स्वतः करून दाखवायची.

मार्चमध्ये बॉसचा फोन आला. "पॅराग्वेचं रद्द झालंय. उद्याच्या कॉलवर तू सांग. तुझी त्यांची चांगली ओळख आहे."

"रद्द का?"

"दुसऱ्या देशाने जास्त सवलती दिल्या. पण तसं बोलायचं नाही, 'जागतिक परिस्थिती' म्हण. आणि सॉरी म्हणू नकोस, वकिलांनी बजावलंय. जमेल तुला, ग्रँड!" आयरिश लोकांना सगळंच 'ग्रँड', म्हणजे छान, असतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. वाईट बातमी सांगायला मात्र मी!

"जपून बोल," नवरा म्हणाला. "तुझं इथलं वर्क परमिट कंपनीच्या हातात आहे." ते खरं होतं, म्हणून आणखीच संताप आला.

दुसऱ्या दिवशी बॉस कॉलवर हजर होताच. मी सरळ सांगितलं, "कारखाना होणार नाही. कंपनीला दुसरीकडे जास्त सवलती मिळाल्या. सॉरी."

"तिला म्हणायचंय की..." बॉस मध्ये पडला.

"मला म्हणायचं होतं ते मी म्हटलंय."

मग तिथल्या टीमच्या प्रमुख बाईने हळूच विचारलं, "आमच्या कामात काही चुकलं का?"

"नाही गं. तुमचं काहीच चुकलं नाही."

तिने ते सगळ्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं. एक पोरगी रडायला लागली. तेवढ्यात बॉसने कॉल बंद केला.

मला लेखी ताकीद मिळाली. टीमच्या प्रमुख बाईला हॉस्पिटलातली जुनी नोकरी परत मिळाली नाही. सोयाबीन निर्यात करणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या गोदामात ती कमी पगारावर लागली. वर्ष संपताना मला डब्लिनमध्ये दुसरं काम मिळालं आणि मी राजीनामा दिला.

"तू फार मनाला लावून घेतेस," बॉस म्हणाला. कोविडमुळे हस्तांदोलन बंद होतं, ते एक बरं झालं.