ओरिजनलचा डबा

गाडीच्या बाबतीत बायकोचा एकच नियम आहे: पार्ट कंपनीचाच घ्यायचा. माझाही एकच आहे: तिचा नियम मोडायचा, पण पुराव्यासकट.

मागच्या उन्हाळ्यात आमची सेकंडहँड गाडी तापायला लागली. नगरचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "रेडिएटरचं झाकण गेलंय, बदलू." एवढ्या थोडक्यात सुटणं मला कमीपणाचं वाटलं. आदल्या रात्री मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले होते. "थर्मोस्टॅटही बदला," मी म्हणालो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातली छोटी झडप. पाणी तापलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. हे मी मेकॅनिकला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. माणूस सभ्य आहे.

दुकानात मी लोकल थर्मोस्टॅट घेतला आणि काउंटरखाली पडलेला कंपनीचा रिकामा डबा मागून घेतला, चकचकीत स्टिकरसकट. आमच्याकडे रीत अशी, की नवा पार्ट बसवला की त्याच्या डब्यात जुना घालून मेकॅनिक गिऱ्हाइकाला देतो. काम झाल्याचा दाखला. मी लोकल त्या डब्यात घालूनच मेकॅनिकला दिला होता, तसा तो डबा जुन्या पार्टसकट घरी आला. बायकोनं स्टिकर वाचला आणि समाधानानं डबा डिकीत ठेवून दिला.

महिन्याभरानं सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या कोल्हारला राहतात. याआधी दोनदा तयार होऊन दोन्ही वेळा ऐनवेळी घाबरून माघारी फिरल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, आता लांबवू नका. म्हणून आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो.

त्यांना घेऊन प्रवरेचा पूल ओलांडला आणि तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ. पुढंच गॅरेज होतं, शेजारी चहाची टपरी. गॅरेजवाल्या काकांनी इंजिन थंड होऊ दिलं, मग डोकावून विचारलं, "थर्मोस्टॅट कवा बदलला?"

"आत्ताच. कंपनीचा आहे," बायको म्हणाली आणि डिकीतून डबा काढून दाखवला.

काकांनी स्टिकर पाहिला. "मंग त्यो न्हाई. हेड गॅस्केट गेलं आसंल. इंजिन खोलावं लागंल. दोन दिस धरा."

सासूबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. "देवाच्याच मनात न्हाई गं. चल, रिक्षानं घरी जाऊ." चेहरा एकदम मोकळा झाला होता.

"आई, आपण एसटीनं जाऊ."

"आता न्हाई म्हंजी न्हाई."

सासूबाई रस्त्याकडे निघाल्या. बायको माझ्याकडे बघत होती.

"काका," मी म्हणालो, "तो कंपनीचा नाही."

"डबा तर हाय की."

"डबा कंपनीचा आहे. डब्यातला जुना पार्टही कंपनीचा आहे. इंजिनात आहे तो लोकल."

आधी टपरीवाला हसला. बायको हसली नाही. सासूबाई थांबल्या.

काका म्हणाले, "लोकल वाईटच आसतं आसं न्हाई, पाव्हणं. फिल्टर मी बी लोकल घालतो. पन मेकॅनिकला तरी खरं सांगावं."

त्यांनी इंजिनातला थर्मोस्टॅट काढला, डब्यातला जुना घेतला आणि टपरीवाल्याच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून दोन्ही तारेला बांधून सोडले. आम्ही चौघं भोवती उभे. सासूबाई सगळ्यात पुढं. रिक्षा येऊन गेली, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. पाण्याला उकळी फुटली आणि जुन्यानं हळूच तोंड उघडलं. नवा ढिम्म.

"जुना चांगला हाय की," सासूबाई म्हणाल्या. "मंग बदलला कशाला?"

मला टपरीच्या पत्र्यावरचा मजकूर वाचावासा वाटला.

काकांनी जुना बसवला, पाणी भरलं, गाडी चालू ठेवून पाहिली. काटा मधोमध राहिला. सासूबाई न सांगता गाडीत जाऊन बसल्या. नगरपर्यंत त्या दर पाच मिनिटांनी पुढं वाकून विचारत होत्या, "काटा बरोबर हाय का?"

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात बसवायच्या लेन्स दोन प्रकारच्या येतात, एक इथली, एक बाहेरची, दोन्ही चांगल्या. मग घरातला कर्ता पुरुष म्हणून माझ्याकडे वळले. "कुठली बसवायची?"

मी तोंड उघडलं.

"त्यांना नका ईचारू," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "ते नुसता डबा बघत्यात."