अक्कांनी केलेली कुबडी

वस्तू मोडून सुखी होणारी माझ्या थोरल्या मेव्हणीसारखी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. अक्का इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिन नावाच्या डिंकासारख्या चिकट रसायनात भिजवून पट्ट्या करायच्या, थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून त्या रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या मिसळायच्या आणि मग त्या पट्ट्या मशीनमध्ये घालून मोडायच्या, हे त्यांचं संशोधन. मी कॉमर्सवाला. मला एवढंच कळलं, की ही बाई आधी कष्टानं बनवते आणि मग कष्टानं मोडते. आमच्याकडं आल्या की बसण्याआधी खुर्ची वाकवून बघायच्या. एकदा माझ्या हातच्या पिठल्यात गुठळ्या झाल्या. सगळे तोंड लपवून हसत होते. अक्कांनी मात्र एक गुठळी चमच्यावर घेऊन निरखली. म्हणाल्या, "आमचंही हेच दुखणं, भाऊजी. नळ्या नीट पसरल्या तर ताकद, गोळा झाल्या की तिथूनच तडा." माझ्या स्वयंपाकाची इतक्या आदरानं दखल आजवर कुणी घेतलेली नाही.

एका उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना मी स्टुलावरून पडलो. स्टुलाचा दोष नव्हता, त्याच्याही सहनशक्तीला मर्यादा असते. अक्का धावत मुकुंदवाडीला आमच्या घरी आल्या, माझ्या पायाचा एक्स-रे उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, "तडा कसा सुरेख सरळ गेलाय!" प्लॅस्टर निघालं तेव्हा त्यांनी स्वतः बनवलेली एक काळी, सडपातळ कुबडी आणली. मी तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं.

"अक्का, मी पेलवेन हिला?"

"तुमच्यापेक्षा लई जड वजन टाकून बघितलंय."

"आणि मोडली तर?"

"तुकडे फेकू नका. मला पाहिजेत."

देवाचं नाव घेऊन मी गल्लीत उतरलो. कुबडी जराही कुरकुरली नाही. कुरकुरत होतो तो मीच. थोडं चालल्यावर जाणवलं, अक्कांचा हात माझ्या पाठीमागं आहे. टेकलेला नाही, नुसता तयारीत.

"कुबडीवर भरवसा नाय का तुमचा?"

"कुबडीवर आहे. तुमच्यावर नाय." मग पाऊल माझ्याइतकंच बारीक करत म्हणाल्या, "हळू चला, भाऊजी. घाई कसली?"

गल्लीच्या टोकापर्यंत तो हात तसाच होता.

निवृत्तीनंतर अक्का लेकीकडं राहायला गेल्या. माझा पाय आता ठणठणीत आहे. संध्याकाळी स्टेशनपर्यंत एकटाच फिरून येतो. भरभर चालता येतं. पण का कोण जाणे, मी हळूच चालतो.