साडूबुवांची गाडी बर्फात

महाडपासून पोलादपूरपर्यंत गाडी चालवणारे हजारो असतील, पण गाडीला वळण लावणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. हे मी कुणी न विचारता सांगतो. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. त्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांची एक लांबलचक, काळी, जर्मन गाडी होती. साहेब परदेशी गेले, गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली आणि उंदरांनी तिच्यात संसार थाटले. साडूबुवांनी ती साहेबांकडून मागून घेतली, महाडच्या घरी आणली आणि पुढची दोन वर्षं ते तिच्याखालीच राहिले. मेव्हणीबाई चहाचा कप जमिनीवर ठेवून हाक मारायच्या. गाडीखालून एक काळाकुट्ट हात यायचा आणि कप घेऊन जायचा.

गाडी चालू झाली तेव्हा तिचा स्वभाव कळला. आजकालच्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात, हिला मागची ढकलत होती. साडूबुवांना याचा केवढा अभिमान! "पुढच्या चाकांनी वाट दाखवायची, राबायचं मागच्यांनी. घरात तरी दुसरं काय असतं?" असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यावर मेव्हणीबाई आतून म्हणायच्या, "मग मागच्यांना कधीतरी विचारत जा, कुठं जायचंय ते." पण या मागच्या चाकांना ओला रस्ता सोसत नसे. भर पावसाळ्यात पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटात निघालो, तर दुसऱ्याच वळणावर गाडीनं शेपूट असं फिरवलं की मला आलेली वाट समोर दिसू लागली. दुसऱ्या कुणी गाडी विकली असती. साडूबुवा दर रविवारी तिला पोलादपूरपलीकडं कापडे गावात भावाच्या शेतावर घेऊन जाऊ लागले आणि भातखाचराच्या चिखलात तासभर घसरवू लागले. बांधावर अर्धा गाव जमायचा. भाऊ म्हणाला, "दादा, नांगर नाय मिळाला काय?" साडूबुवांचं लक्ष नव्हतं. ते मला शिकवत होते, "मागचा भाग सुटला की ब्रेक नाय मारायचा. ती जाते तिकडंच स्टिअरिंग न्यायचं. रुसलेल्या माणसामागं दोन पावलं जावं लागतं, मग तो आपणच फिरतो."

त्या गाडीत गिअरजवळ एक बटण होतं आणि त्यावर बर्फाच्या पाकळ्यांचं चित्र होतं. घरी पाहुणा आला की आधी पाणी आणि मग हे बटण. "हे दाबलं की गाडी पहिला गिअर सोडून दुसऱ्यावर हळूच उचलते. बर्फात चाक जागच्या जागी फिरत राहत नाय." हिरकणीवाडीचे एक पाहुणे भर वैशाखात घाम पुसत म्हणाले, "आपल्याकडं बर्फ म्हंजे उसाच्या रसातला, तेवढाच." साडूबुवांनी त्या दिवशी त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

या माणसाची एकुलती एक मुलगी डॉक्टर झाली. घराण्यातली पहिली. आणि झाली ती झाली, थेट हिमाचलातल्या एका डोंगरी गावाच्या छोट्या दवाखान्यात जाऊन बसली. एका हिवाळ्यात तिचा फोन आला की संक्रांतीला सुट्टी नाही. साडूबुवा म्हणाले, "तू नको येऊस बाय. आम्ही येतो." कसे येता, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक असणार. मला सोबत घेतलं ते नकाशा बघायला, पण नकाशा त्यांनी मला एकदाही उघडू दिला नाही. डिकीत कापड्याच्या तांदळाची चार पोती चढली. निरोप द्यायला दारात उभ्या मेव्हणीबाईंना वाटलं, लेकीसाठी. साडूबुवा मला म्हणाले, "मागची चाकं दाबून धरायला." दोघांचंही खरं होतं.

मजल दरमजल करत डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, तर तिथले टॅक्सीवाले गाडीभोवती जमले. एकजण हसून म्हणाला, "अंकलजी, ये पीछेवाली गाड़ी है, नहीं चढ़ेगी." साडूबुवा म्हणाले, "हम कापडे का है. हमारा चिखल देखा क्या?" त्यांनी पाहिला नव्हता. साडूबुवांनी ते बटण दाबलं, हलक्या पायानं ॲक्सिलरेटर दिला, आणि एवढं मोठं धूड मांजरीच्या पावलानं पांढऱ्या रस्त्यावरून वर निघालं. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर त्यांनी वाकून मूठभर बर्फ उचलला, बोटांत चोळला आणि मला म्हणाले, "हा तर थंड चिखलच की रे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी धावत खोलीवर आली. दवाखान्यात एक बाई बाळंतपणात अडली होती, ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती, आणि ते खालच्या मोठ्या हॉस्पिटलातच होणार होतं. गावची एकमेव अँब्युलन्स सकाळीच दुसऱ्या रुग्णाला घेऊन खाली गेली होती. वर चार चाकांची दुसरी गाडी नव्हती. "बाबा, तुमची गाडी उतरेल?"

साडूबुवांनी शेतातले गमबूट घातले, काठी घेतली आणि पहिल्या दोन वळणांपर्यंत बर्फ टोचत चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, "बाय, तू पेशंटकडं बघ. मी रस्त्याकडं बघतो."

मागच्या सीटवर ती बाई कण्हत होती, मुलगी तिचा हात धरून बसली होती, मी पुढं. सगळ्यात खालचा गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला, गाडी बैलगाडीच्या वेगानं. तिसऱ्या वळणावर मागची चाकं सुटली आणि शेपूट दरीकडं निघालं. मी डोळे मिटले. कानावर आलं ते एवढंच, "रुसू नको गो, रुसू नको." डोळे उघडले तेव्हा गाडी सरळ होती आणि साडूबुवांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम होता.

बाई वाचली. तिला मुलगी झाली. हॉस्पिटलातल्या नर्सनं विचारलं, "इन्हें कौन लाया?" साडूबुवा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर मॅडम लायी. मैं ड्रायव्हर." मग खाली बसले. कुणीतरी चहा दिला, तो त्यांनी आधी लेकीला नेऊन दिला.

महाडला ही गोष्ट मीच सांगतो, आणि दर खेपेला एखादं वळण वाढतं. साडूबुवा मला अडवत नाहीत. शेवटी फक्त एवढंच म्हणतात, "गाडी सरकली तेव्हा पोर मागं होती. एकदासुद्धा म्हणाली नाय, बाबा सांभाळून."

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. मुलगी सुट्टीवर आली होती. तिनं किल्ली घेतली, मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, चला, कापड्याला जाऊन येऊ. साडूबुवा सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले, क्षणभर थांबले आणि मागचं दार उघडून मेव्हणीबाईंच्या शेजारी बसले. पोलादपूर आलं. मग सीटवरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं गाडी आपली, पण मागची सीट एवढी मऊ हाय, हे ठाऊकच नव्हतं." मुलीनं आरसा जरा खाली केला, त्यात ते नीट दिसतील असा, आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.