रावनबोंचा गार नळ

थीरा मुंकहोल्म सकाळी उठली की आधी किटली चढवायची, मग खिडकीचा पडदा सारायची आणि नळाकडे पाठ करून उभी राहायची. नळाशी तिचं भांडण होतं असं नाही. पण रोज उठून ज्याचं तोंड बघायचं त्याच्याशी थोडा अबोला असलेला बरा. त्या दिवशी राय धान्याच्या पावाची पेज गॅसवर रटरटत होती. साखर कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. किटलीतलं पाणी पातेल्यात ओतून तिने कालच्या बशा त्यात सोडल्या, मागोमाग स्वतःची बोटंही. सुजलेली पेरं जरा सैलावताहेत तोच दार वाजलं.

"साथी थीरा, आम्हीच!"

आम्हीच म्हणजे कामगार पक्षाच्या नाकस्कोव गावातल्या शाखेची स्मारक समिती. पुढे अध्यक्ष हेल्गे, पोट आधी आणि टोपी हातात. मागे शाळेत इतिहास शिकवणारी बोडिल, बेकरीतली बदामाची क्रिंगल सांभाळत. दोघांनी दारातच जोडे काढले. समोरच्या बिऱ्हाडातली सिसेल कॉफीच्या वासावर नाही, क्रिंगलच्या वासावर आली. तीही शाखेची सभासदच, तिला बोलवावं लागत नसे.

समिती थीराच्या घरी येई, कारण तिच्या घरी नळ होता. नळ तर साऱ्या चाळीत होते, पण ह्या नळाखाली अँटोन रावनबोंनी तोंड धुतलं होतं.

रावनबो ह्या घरात राहायचे तेव्हा कारखान्यात पिंपं बांधायचे. त्यांच्या आईने लोकांचे कपडे धुऊन पोरं वाढवली. तिच्या भेगाळलेल्या हातांवरून त्यांना एकच गोष्ट सुचली आणि ती जन्मभर पुरली. पिंपांतून संघटनेत, संघटनेतून नगरपालिकेत, तिथून संसदेत; जातील तिथे ते म्हणत, "कामगाराच्या स्वयंपाकघरात गरम पाणी हवं." संसदेत कुणीतरी ओरडलं, "उद्या तो पियानो मागेल!" रावनबो म्हणाले, "मागेल. पण हात धुऊन." पुढे मंत्री झाले, कोपनहेगनला राहायला गेले. रिकाम्या झालेल्या घरात नवी नवरी थीरा आणि तिचा आक्सेल आले.

युद्धाच्या आदल्या वर्षी मंत्रिमहोदय जुनं घर बघायला आले. खाली अंगणात शाखेचं गाणं चाललं होतं. प्रसंगासाठी मुद्दाम रचलेलं आणि कडवी बरीच, त्यामुळे कुणाला वर येता येईना. रावनबो एकटेच जिना चढले. स्वयंपाकघरात थीरा बटाटे धूत होती. त्यांनी हॅट काखेत धरली, नळाखाली तळहात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अजून गारच?" ते म्हणाले. "बदलून घ्या, बाई, हे. सांगतो मी त्यांना."

खाली जाऊन त्यांनी सांगितलं की नाही कोण जाणे. गाणं अजून चालू होतं. पुढच्या हिवाळ्यात ते वारले. शाखेने थीराला विचारलं, साहेब शेवटचं काय बोलले? तिने जसंच्या तसं सांगितलं. हेल्गे तेव्हा सडपातळ होता. तो भिंतीला टेकून रडला. नळावर पितळी पाटी लागली : 'अजून गारच? — अँटोन रावनबो.' दुसरं वाक्य पाटीवर मावलं नाही.

पुढे रावनबोंच्याच कायद्याने चाळीत गरम पाण्याचे पाइप आले, तेव्हा सभा भरली. एक नळ इतिहासासाठी राखावा असा ठराव आला. गरम पाणी आलं तर पाटीला अर्थ काय राहील? आक्सेल छाती काढून उभा होता. सगळी खोली थीराकडे बघत होती. तिनेही हात वर केला. तेव्हा तो दुखत नव्हता.

झालं. आक्सेल मरेपर्यंत सिसेलकडे जाऊन दाढी करत राहिला. दर वसंतात बोडिल वर्ग घेऊन येई, पोरं एकेक करून नळाखाली हात धरत आणि "आई गं!" म्हणत. "बघा," बोडिल म्हणे, "आता कळलं रावनबोंनी केवढं काम केलं?" एकदा एका पोरीने विचारलं, "मग थीरामावशी भांडी कशात धुते?" बोडिल म्हणाली, प्रश्न फार चांगला आहे, आणि रांग पुढे सरकवली.

आता रावनबोंची जन्मशताब्दी आली होती. कोपनहेगनहून खुद्द मंत्रीणबाई येणार होत्या.

"अडचण अशी आहे," कॉफी ओतून झाल्यावर हेल्गेने घसा साफ केला, "की शताब्दी येते जूनमध्ये. जूनच्या उन्हाळ्यात पाणी कोमट येतं."

"मागच्या जूनमध्ये मी दोन्ही हात धरून बघितले," बोडिल म्हणाली. "काहीच वाटलं नाही. मंत्रीणबाईंना 'आई गं' झालं नाही तर आपली शोभा होईल."

"मग बर्फ टाका त्यांच्या पाठीत," सिसेल म्हणाली. "झालंच 'आई गं'!"

"थट्टा नको, सिसेल. आम्ही पाणी गार करायचं यंत्र बसवणार आहोत. मोरीखाली, दिसणार नाही असं."

थीराने बशी खाली ठेवली. "म्हणजे नळवाला येणार?"

"उद्याच."

"भिंत फोडणार?"

"थोडीशी. तळघरातून पाइप ओढावा लागेल. तुम्हाला काडीचा त्रास नाही, साथी थीरा."

"गरम पाण्याचा पाइपही तळघरातूनच वर येतो ना गं?" थीराने सिसेलला विचारलं.

"तुझ्या भिंतीला टेकूनच जातो. हिवाळ्यात मांजर तिथेच निजतं माझं."

डॉक्टरांनी थीराला बजावलं होतं, गार पाण्यात हात घालाल तर वर्षभरात कपसुद्धा उचलता येणार नाही. आताच ती कप दोन्ही हातांनी धरत होती. हेल्गेला ते भक्तिभावाचं वाटे.

"तर मग रीतसर घेऊ," हेल्गे म्हणाला. शाखेची रीतच अशी, की तिघं जण कॉफीला बसले तरी आधी सभापती निवडायचा. सभापतीने शांतता राखायची. ठराव मांडायचा नाही, मत द्यायचं नाही. आणि मानाचं म्हणून, घर तिचं म्हणून, सभापती दरवेळी थीराच. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नळावर, तिने वर्षानुवर्षं तोंड मिटून उत्तम सभा चालवल्या होत्या. "सभापती म्हणून मी साथी थीरांचं नाव सुचवतो."

"आज मी होणार नाही," थीरा म्हणाली.

बोडिलचा काटा क्रिंगलमध्येच राहिला. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे. हेल्गेचं नाव सुचवते."

"माझा पाठिंबा," सिसेल तोंडातला घास न गिळताच म्हणाली.

हेल्गे लाजला. एवढ्या वर्षांत हा मान त्याला कुणी दिला नव्हता. उठून त्याने कोट सारखा केला, चमच्याने कपावर टकटक केली आणि मग कुठे त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला फक्त शांतता राखायची आहे.

"साथी थीरा मुंकहोल्म यांना काही मांडायचं आहे का?" त्याने बारीक आवाजात विचारलं. रीतच होती तशी.

थीरा उभी राहिली. आज ती नळाकडे तोंड करून उभी होती.

"उद्या नळवाला येतोच आहे," ती म्हणाली. "मला स्वयंपाकघरात गरम पाणी हवंय."